हात हलला की हलवला?

‘हात हलला’ आणि ‘त्याने हात हलवला’ ही दोन मराठी वाक्ये शाळकरी मुलालाही वेगळी वाटतात. पहिल्या वाक्यात एक घटना आहे. दुसऱ्या वाक्यात त्या घटनेमागे कुणीतरी उभा आहे. वाऱ्याने फांदी हलली आणि खाली उभ्या असलेल्या माणसाला लागली, तर फांदीला कुणी दोष देत नाही. परंतु माणसाने हात उगारला तर आपण त्याला जाब विचारतो. पाप, पश्चात्ताप, क्षमा, वचन हे सारे शब्द दुसऱ्या वाक्याच्या आधाराने जगतात. प्रायश्चित्त संस्कारासाठी गुडघे टेकणारा माणूस ‘माझ्या हातून झाले’ असे म्हणतो खरा, परंतु ‘मी केले’ हेच त्याला सांगायचे असते.

सजीवांच्या स्नायूंत व मज्जातंतूंत वीज वावरते हा शोध लागला, तेव्हा या दोन वाक्यांमधील अंतर पुसले जाते की काय, अशी शंका निर्माण झाली. हात हलवणारा कुणी नाहीच, वीज आहे आणि हात आहे, असे पुढे काहींनी म्हटलेही. या शोधाचे जनक लुईजी गॅल्व्हानी हे श्रद्धावान कॅथलिक गृहस्थ होते. त्यांचे नाव विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात एका ओळीपुरते येते. त्या ओळीत न मावणारा भाग आम्हाला अधिक महत्त्वाचा वाटतो.

गॅल्व्हानी यांचा जन्म ९ सप्टेंबर १७३७ रोजी इटलीतील बोलोन्या शहरी झाला. हे शहर तेव्हा पोपमहोदयांच्या राज्यात मोडत असे. तरुणपणी संन्यस्त जीवन पत्करावे अशी त्यांची इच्छा होती. घरच्यांनी त्यांना परावृत्त केले आणि ते वैद्यकाकडे वळले. शरीररचनाशास्त्र व पुढे प्रसूतिशास्त्र हे त्यांचे अध्यापनाचे विषय. १७६२ साली लुचिया गालेआत्सी हिच्याशी त्यांचा विवाह झाला. ती एका प्राध्यापकाची मुलगी होती आणि पतीच्या प्रयोगांत तिचा प्रत्यक्ष सहभाग असे. असिसीकर संत फ्रान्सिस यांच्या तृतीय संघाचे, म्हणजे प्रपंचात राहून फ्रान्सिस्कन व्रत पाळणाऱ्यांच्या संघाचे, ते सभासद होते. आजारी लुचियासाठी बेडकांचे सूप करायला घेतले असताना हा शोध लागला, अशी एक गोड गोष्ट सांगितली जाते. आमचा तिच्यावर विश्वास नाही. गॅल्व्हानी अनेक वर्षे पद्धतशीरपणे बेडकांवर प्रयोग करीत होते, आणि अपघात झाला तो अशा तयार माणसाच्या टेबलावर झाला.

तो अपघात जानेवारी १७८१ मधला. कापून तयार केलेले बेडकाचे पाय टेबलावर होते आणि जवळच घर्षणाने वीज निर्माण करणारे यंत्र होते. एका सहायकाच्या शस्त्राचे टोक बेडकाच्या मज्जातंतूला लागले आणि मेलेल्या बेडकाचे पाय जोराने आखडले. त्याच क्षणी यंत्रातून ठिणगी निघाल्याचे दुसऱ्या कुणाच्या तरी ध्यानात आले. पुढे १७८६ साली गॅल्व्हानी यांनी बेडकांच्या कण्यात पितळेचे आकडे अडकवून ते घराच्या लोखंडी कठड्याला टांगले. आकाशातील विजेचा परिणाम त्यांना पाहायचा होता. परंतु आकाश निरभ्र असतानाही, आकडा कठड्यावर दाबताच पाय आखडू लागले. बाहेर वीज नाही, तर ती बेडकाच्या आतच असली पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. मेंदूत तयार होऊन मज्जातंतूंतून वाहणारी आणि स्नायूंत साठून राहणारी ‘प्राणिज वीज’ असते, हे त्यांचे मत १७९१ साली लॅटिन ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. तो ग्रंथ पाहायला लुचिया हयात नव्हती.

पाविया येथील प्राध्यापक अलेस्सांद्रो व्होल्टा यांना प्रथम हे मत पटले, नंतर पटेनासे झाले. पितळ आणि लोखंड हे दोन भिन्न धातू ओलसर मांसाला लागले की वीज उत्पन्न होते, बेडूक केवळ ती दाखवतो, असे त्यांचे म्हणणे. गॅल्व्हानी यांनी १७९४ मध्ये कोणताही धातू न वापरता मज्जातंतूचे टोक थेट स्नायूला लावून पाय आखडून दाखवला. १७९७ मध्ये तर एका पायाचा मज्जातंतू दुसऱ्या पायाच्या मज्जातंतूला टेकवून तोच परिणाम मिळवला. आज मागे वळून पाहता दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. कठड्यावरच्या प्रयोगात वीज धातूंचीच होती आणि धातूविना केलेल्या प्रयोगात ती बेडकाची होती. परंतु व्होल्टा यांनी आपल्या कल्पनेतून १८०० साली विद्युतघट बनवला, साऱ्या युरोपात त्यांचा जयजयकार झाला, आणि गॅल्व्हानी यांचे मत काही दशके अडगळीत पडले. तेही निष्ठावान कॅथलिक होते, हे येथे नमूद करायला हवे. नाहीतर या वादाला कुणी धर्म विरुद्ध विज्ञान असा रंग द्यायचा!

गॅल्व्हानी यांच्या मृत्यूनंतर त्यांचे भाचे ज्योव्हान्नी आल्दिनी यांनी मामांचा पक्ष चालवला, तो मात्र वेगळ्या रीतीने. जानेवारी १८०३ मध्ये लंडनच्या न्यूगेट तुरुंगात जॉर्ज फॉर्स्टर नावाच्या माणसाला पत्नी व मूल यांच्या खुनाबद्दल फाशी देण्यात आली. खुन्याचे प्रेत विच्छेदनासाठी द्यावे असा तेव्हा इंग्लंडचा कायदा होता. आल्दिनी यांनी मोठ्या विद्युतघटाच्या तारा त्या प्रेताच्या तोंडाला व कानाला लावल्या. जबडा थरथरला, चेहरा वेडावाकडा झाला, एक डोळा उघडला. पुढे उजवा हात वर उठून त्याची मूठ वळली. पाहणाऱ्यांपैकी काहींना वाटले की मेलेला माणूस उठणार. बुडालेल्या माणसांना वाचवता यावे हा आपला हेतू असल्याचे आल्दिनी सांगत, आणि तो अगदीच खोटा नसावा. तरी त्या प्रसंगाचे वर्णन वाचताना आम्हाला संकोच होतो. फॉर्स्टरचा अपराध काहीही असो, त्याच्या देहाचे लोकांपुढे बाहुले झाले होते.

येथेच आपला प्रश्न उघड होतो. फॉर्स्टरचा हात हलला. फॉर्स्टरने तो हलवला नाही. जिवंतपणी ज्या वाटेने वीज त्याच्या स्नायूत पोहोचत असे, तीच वाट, तोच स्नायू. मग उणे काय होते?

त्या काळच्या अनेकांचे उत्तर असे, की वीज हाच आत्मा. ती निघून गेली म्हणून माणूस मेला. श्रद्धावंत घाबरले तेही याच कल्पनेमुळे. आपली भाषाही या गोंधळाला हातभार लावते. जीव कंठाशी येतो, टांगणीला लागतो, कुडीतून प्राण निघून जातो. जणू जीव ही देहाच्या खोलीत ठेवलेली वस्तूच. अशी वस्तू मानली की शास्त्रज्ञाच्या उपकरणाला ती सापडेल किंवा सापडणार नाही, ही धास्ती आलीच.

परंतु ख्रिस्तसभेने आत्म्याकडे तसे पाहिलेले नाही. संत थॉमस अक्विनास यांनी तेराव्या शतकात अ‍ॅरिस्टॉटलच्या आधाराने मांडले, की आत्मा हे देहाचे ‘रूप’ आहे. मेण आणि मेणावर उमटलेला आकार यांना वेगळे काढून दोन तबकांत ठेवता येत नाही, हा दृष्टान्त अ‍ॅरिस्टॉटलचाच. हाडामांसाचा हा गोळा ज्यामुळे ‘हा माणूस’ होतो ते आत्मा. १३१२ साली व्हिएन येथील धर्मपरिषदेने हीच शिकवण अधिकृतपणे मांडली. मानवी आत्मा अमर आहे आणि तो थेट परमेश्वर निर्माण करतो, हेही ख्रिस्तसभा शिकवते. परंतु तो देहातील एखादा रस, वायू किंवा प्रवाह आहे असे ती शिकवत नाही. ज्या खुर्चीवर आत्मा कधी बसलाच नव्हता, त्या खुर्चीवर वीज येऊन बसली म्हणून बिघडले काय? गॅल्व्हानी सकाळी मिस्सेला जात आणि नंतर प्रयोगशाळेत जात, तेव्हा त्यांना दोन दारांतून दोन वेगळ्या जगांत गेल्यासारखे वाटत असेल, असे आम्हाला वाटत नाही.

पुढच्या दीडशे वर्षांत गॅल्व्हानी यांचे मूळ मत नव्या रूपाने परत आले. एमिल द्यु ब्वा-रेमों यांनी १८४० च्या दशकात मज्जातंतू कार्यरत होताना होणारा विद्युत बदल मोजला. हेल्महोल्ट्झ यांनी १८५० साली बेडकाच्या मज्जातंतूतील संदेशाचा वेग मोजला. तो सेकंदाला सुमारे २७ मीटर भरला. इच्छा आणि कृती यांत मोजता येण्याजोगा वेळ जातो, हे ऐकून अनेकांना धक्का बसला. आपल्या देशात जगदीशचंद्र बोस यांनी वनस्पतींमधील विद्युत प्रतिसाद नोंदवले, आणि १९०२ सालच्या ग्रंथात धातूंचे प्रतिसादही त्यांच्या शेजारी मांडले. धातूविषयीचे त्यांचे सारेच निष्कर्ष पुढे टिकले नाहीत. परंतु ‘विजेचा प्रतिसाद’ एवढीच सजीवाची खूण मानली तर ती फार तोकडी पडेल, ही जाणीव त्या ग्रंथातून मिळते.

खरी यंत्रणा उलगडली ती माकुलामुळे. आपल्या किनाऱ्यावर माकुल कालवणात जातो. इंग्लंडमधील प्लिमथच्या सागरी प्रयोगशाळेत त्याच्या शरीरातील एक मज्जातंतू कामी आला. तो अर्धा ते एक मिलिमीटर जाड, म्हणजे इतरांच्या मानाने राक्षसीच. १९३९ मध्ये हॉजकिन व हक्स्ली या दोघांनी त्यात बारीक विद्युताग्र सरकवून पेशीच्या आतील व बाहेरील विद्युतदाबातील फरक थेट मोजला. महायुद्धाने काम थांबले. १९५२ साली त्यांनी संपूर्ण उपपत्ती मांडली आणि १९६३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

ही उपपत्ती समजायला आपल्याकडच्या खारजमिनीचा बांध डोळ्यांसमोर आणावा. बांधाबाहेर खारे पाणी, आत गोडे शिवार. पेशीच्या आवरणाबाहेर सोडियमचे, म्हणजे मिठातल्याच एका घटकाचे, विद्युतभारित कण दाटलेले असतात, आत पोटॅशियमचे. विश्रांतीत पेशीचे अंतरंग बाहेरच्या तुलनेत सुमारे ७० मिलिव्होल्ट ऋण असते. संदेश आला की आवरणातील सूक्ष्म झडपा उघडतात, सोडियम आत घुसतो, आणि एक सहस्रांश सेकंदात सारे उलटेपालटे होऊन पुन्हा पूर्वस्थितीवर येऊ लागते. शेजारचा भाग जागा होतो, मग त्याच्या शेजारचा. अशी ती लाट पुढे जाते. आत शिरलेले मीठ बाहेर फेकणारा ‘पंप’ डॅनिश शास्त्रज्ञ येन्स स्कू यांनी १९५७ साली शोधला. तो दर फेरीला तीन सोडियम बाहेर टाकतो व दोन पोटॅशियम आत घेतो. आपला मेंदू देहाच्या वजनाच्या सुमारे दोन टक्के, पण विश्रांतीतही शरीराची जवळजवळ एक पंचमांश ऊर्जा तो खातो, आणि त्यातला मोठा वाटा या पंपांवर खर्च होतो. डागडुजी थांबली की बांध फुटतो आणि शिवार खारे होते. पेशीचेही तसेच आहे. आत-बाहेर सारखे झाले की पेशी मेली.

हे वाचताना आम्हाला स्तोत्रकर्त्याच्या विस्मयाची आठवण होते. परंतु केवळ विस्मयाने प्रश्न सुटत नाही, कारण याच विद्याशाखेतून पुढे एक टोकदार आक्षेप आला. १९८३ साली अमेरिकेतील बेंजामिन लिबेट यांनी काही व्यक्तींना सांगितले, की मनाला येईल तेव्हा मनगट हलवा, आणि हलवण्याची इच्छा कोणत्या क्षणी झाली ते समोरच्या घड्याळावर पाहून सांगा. मेंदूतील विद्युत बदल हालचालीच्या सुमारे अर्धा सेकंद आधी सुरू होत होता. इच्छेची जाणीव मात्र सुमारे एक पंचमांश सेकंद आधी. म्हणजे ‘मी ठरवले’ असे वाटण्यापूर्वीच मेंदूने ठरवलेले होते! यावरून स्वतंत्र इच्छा हा भ्रम आहे, हात नेहमी हलतोच, हलवणारा कुणी नसतो, असे पुष्कळांनी लिहिले. स्वतः लिबेट तेथवर गेले नाहीत. आलेली ऊर्मी शेवटच्या क्षणी रोखण्याचे सामर्थ्य माणसाला असते, असे त्यांचे मत होते. २०१२ साली काही संशोधकांनी दाखवले, की तो आधीचा विद्युत बदल म्हणजे निर्णयच असे समजण्याचे कारण नाही; मेंदूतील विजेचे सततचे चढउतार एका मर्यादेला पोहोचण्याची ती वाटचाल असू शकते. वाद संपलेला नाही.

आमची शंका अधिक साधी आहे. कारण नसताना मनगट हलवणे, हा मानवी निर्णयाचा नमुना म्हणून घ्यावा का? आपण ज्याला निर्णय म्हणतो तो कसा असतो, हे पाहायला पुन्हा गॅल्व्हानी यांच्याकडेच जावे लागेल.

१७९६ मध्ये नेपोलियनच्या फौजा उत्तर इटलीत शिरल्या. बोलोन्यातील पोपमहोदयांची सत्ता संपली आणि १७९७ मध्ये ते शहर फ्रेंचांच्या छत्राखालील सिसाल्पाइन प्रजासत्ताकाचा भाग झाले. १७९८ च्या फेब्रुवारीत फ्रेंचांनी पोप सहावे पायस यांना रोममधून बाहेर काढले, आणि त्याच वसंतात बोलोन्याच्या प्राध्यापकांना नव्या राजवटीशी निष्ठेची शपथ घेण्याचा हुकूम झाला. गॅल्व्हानी तेव्हा साठी ओलांडलेले, विधुर, निपुत्रिक होते. शपथ आपल्या श्रद्धेशी व सदसद्विवेकाशी विसंगत आहे असे त्यांनी ठरवले आणि ती घेण्याचे नाकारले. पद गेले, पगार गेला. त्यांची कीर्ती लक्षात घेऊन त्यांना पुन्हा नेमण्याचे सरकारने पुढे ठरवले; परंतु त्याची अंमलबजावणी होण्यापूर्वीच, ४ डिसेंबर १७९८ रोजी, त्यांचे निधन झाले.

शपथ घेतली असती तर जिभेच्या मज्जातंतूंतून सोडियमचे कण धावले असते. नकार दिला तेव्हाही ते तसेच धावले. झडपा त्याच, मिलिव्होल्ट तेच. विद्युतमापकाला ‘हो’ आणि ‘नाही’ यांतला नैतिक फरक दिसत नाही, आणि दिसावा अशी अपेक्षाही करू नये. शाईचे रासायनिक पृथक्करण करून पत्रातला मजकूर खरा की खोटा हे कुणी ठरवत नाही. शिवाय हा नकार अर्ध्या सेकंदात जन्मलेला नव्हता. संन्यासाची तरुणपणीची ओढ, तृतीय संघातील वर्षे, लुचियाचा सहवास, रोजची प्रार्थना यांतून तो चाळीस वर्षे घडत होता. त्यातला प्रत्येक क्षण मेंदूतील विजेवाचून घडला नाही हे मान्य; परंतु या साऱ्याचा कर्ता कोण, असे विचारले तर ‘लुईजी गॅल्व्हानी’ हेच सरळ उत्तर आहे. बोलोन्याच्या कॉर्पुस दोमिनी या मठमंदिरात लुचियाशेजारी त्यांना पुरले. क्लारा भगिनींचे हे मंदिर. बोलोन्याच्या संत कॅथरीन यांचा देह तेथे आजही आसनस्थ ठेवलेला आहे.

एवढे तत्त्वचिंतन ज्या जागी कसाला लागते ती जागा आपल्या सर्वांच्या ओळखीची आहे: रुग्णालयातील अतिदक्षता विभागाबाहेरचा बाक. आत मॉनिटरवर रेघ धावत असते, कृत्रिम श्वासाचे यंत्र छाती वरखाली करीत असते, आणि डॉक्टर बाहेर येऊन सांगतात की मस्तिष्क-स्तंभ मृत झाला आहे. पोप बारावे पायस यांनी २४ नोव्हेंबर १९५७ रोजी भूलतज्ज्ञांपुढील भाषणात स्पष्ट केले होते, की असामान्य उपाय चालूच ठेवण्याचे नैतिक बंधन नाही, आणि मृत्यूचा नेमका क्षण ठरवणे हे वैद्यांचे काम आहे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी २९ ऑगस्ट २००० रोजी सांगितले, की मेंदूचे सर्व कार्य पूर्णपणे व कायमचे थांबल्याचा निकष काटेकोरपणे लावला, तर तो मानवाविषयीच्या ख्रिस्ती दृष्टीशी विसंगत नाही. आपल्याकडे अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ साली झाला आणि महाराष्ट्र व गोव्यात १९९५ मध्ये लागू झाला. त्यानुसार चार डॉक्टरांच्या मंडळाने किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करून मस्तिष्क-स्तंभाचा मृत्यू प्रमाणित करावा लागतो. या निकषाविषयी कॅथलिक विचारवंतांमध्येही मतभेद आहेत, हे लपवण्याचे कारण नाही. आम्ही तो निकष मान्य करतो, आणि अवयवदान हे मोठे प्रेमकृत्य मानतो.

परंतु निकष मान्य असूनही डोळ्यांसमोर काय घडू शकते? मेंदू मृत झालेल्या व्यक्तीचे हात कधी कधी आपोआप वर उठतात, छातीपर्यंत येतात व खाली पडतात. पाठीच्या कण्यातील मज्जारज्जू काही काळ स्वतंत्रपणे काम करू शकतो, त्याचा हा प्रताप. १९८४ पासून डॉक्टर याला ‘लाजरसचे चिन्ह’ म्हणतात. योहानच्या शुभवर्तमानातील लाजरसच. बाकावरून उठून आत आलेल्या पत्नीने हे पाहिले तर तिची काय अवस्था होईल! तिला घाईने बाजूला नेऊ नये. तेथे फॉर्स्टरच्या हातासारखाच एक हात हलला आहे, हे कुणीतरी तिच्याजवळ बसून सावकाश सांगितले पाहिजे, आणि कागदावर सही मागण्याआधी सांगितले पाहिजे.

याच्या नेमकी उलट अवस्थाही आहे, आणि तिची गल्लत मस्तिष्क-मृत्यूशी करू नये. मेंदूला जबर इजा होऊनही काही रुग्ण स्वतः श्वास घेतात, डोळे उघडतात, परंतु कोणत्याही सूचनेला प्रतिसाद देत नाहीत. २००६ साली इंग्लंडमध्ये अशाच एका अपघातग्रस्त तरुणीला सांगण्यात आले, की आपण टेनिस खेळत आहोत अशी कल्पना कर. बोटही हलले नाही. परंतु एमआरआय यंत्रावर तिच्या मेंदूचा तोच भाग उजळला, जो निरोगी माणसाचा उजळतो. त्यानंतर अनेक देशांत अशा तपासण्या झाल्या, काही एमआरआयने, काही मेंदूतील वीज डोक्यावरून टिपणाऱ्या ईईजीने. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वरकरणी कसलाही प्रतिसाद न देणाऱ्या २४१ रुग्णांपैकी ६० जणांचा मेंदू दिलेली सूचना पाळताना आढळला. म्हणजे जवळजवळ चारांत एक. तेथे हात हलत नव्हता. हलवणारा मात्र तेथेच होता, सांगितलेले ऐकत होता आणि प्रयत्न करीत होता.

ही तपासणी बहुतेक रुग्णालयांत होत नाही. तेव्हा निश्चल मुलाच्या खाटेशी बसून रोज संध्याकाळी मोठ्याने रोझरी म्हणणाऱ्या आईला ‘त्याला काही कळत नाही’ असे सांगण्याचा अधिकार कुणालाच नाही. केसपेपरवर ‘प्रतिसाद नाही’ असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ एवढाच, की सांगितल्यावर हात हलला नाही.